माइक चावते

आंजी (मोठी) गावात प्रेमदास थूलचं नाव निघालं, की जुनी माणसं अजून आधी छपराकडे बघतात. नव्वदनंतरच्या वर्षांत गावात टीव्ही आले आणि त्यांच्या मागोमाग छपरांच्या कवेलूंवर अँटेना उभ्या राहिल्या. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या यायच्या, मालिका नेमकी रंगात आलेली असायची आणि घरातली बाई अंगणात येऊन प्रेमदासच्या नावानं हाका मारायची. हा पोरगा मांजरासारखा वर चढायचा, दांडी इकडे-तिकडे फिरवायचा आणि वरून विचारायचा, आलं का? आतून उत्तर यायचं, आलं, आलं... गेलं. असं बराच वेळ चालायचं. पण त्याच्या पायाखाली कोणाचं कवेलू फुटल्याची तक्रार कधी आली नाही. हाताचा आणि पायाचा हलका असा तो कारागीर होता, आणि हे त्याला स्वतःला चांगलंच ठाऊक होतं.

वडील रामाजी हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी ओढायचे. आई कमलाबाई दुसऱ्यांच्या वावरात तण निंदायला जायची. दोघांचं पोराकडे मागणं एकच होतं, की बाबा, सावलीत बसून करायचं काम मिळव. प्रेमदासनं आयटीआय केलं, वर्ध्याला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात काही वर्षं काढली, केबलवाल्याच्या तारा या खांबावरून त्या खांबावर ओढल्या, कांताशी लग्न केलं, आणि दोन हजार सहा साली त्याला अखेर सावलीतलं काम मिळालं.

सिंदी मेघेच्या पुढे एका शिक्षणसंस्थेनं आपल्या आवारात छोटंसं एफएम केंद्र काढलं होतं. संस्थेचे सचिव प्रभाकरराव गुल्हाने हे हौशी गृहस्थ. त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं, की एकाच लहरीवरून दोन आवाज पाठवता येतात. एक सगळ्यांसाठी आणि दुसरा ज्याच्याकडे खास डबी असेल त्याच्याचसाठी. आल्यागेल्याला ते एसटीचं उदाहरण द्यायचे. बसमध्ये माणसं बसलेली सगळ्यांना दिसतात, पण तिच्या पोटातली डिकी चावी असलेल्यालाच उघडता येते. तसंच हे. वरच्या आवाजावर गाणी, शेतीचे सल्ले, कॉलेजातल्या पोरांची बडबड. ती कोणत्याही रेडिओवर लागायची. आणि पोटातल्या आवाजावर जिल्ह्यातल्या अंध माणसांसाठी वर्तमानपत्र, गोष्टी, बाजारभाव. त्यासाठी संस्थेनं हातात मावणाऱ्या डब्या वाटल्या होत्या. साध्या रेडिओवर तो आवाज जन्मात लागत नसे. केंद्रातली माणसं त्याला ‘आतला आवाज’ म्हणायची. वर्ध्यासारख्या आश्रमांच्या जिल्ह्यात हे दोन शब्द उच्चारले की माणसं उगाच ताठ बसतात. केंद्रात मात्र ते चहा पिता पिता, हसत हसत वापरले जायचे.

यंत्रं बसवायला नागपूरहून योगेंद्र नावाचा इंजिनिअर आला. वयानं प्रेमदासपेक्षा लहान, पण कामात कडक. प्रेमदास त्याच्या हाताखाली राबला आणि पाहता पाहता शिकला. यंत्राची पेटी उघडायची तर आधी वीज तोडायची आणि फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे दुसरा कोणी चुकून चालू करणार नाही. आतला आवाज नेहमी दबका ठेवायचा, जास्त चढवला तर तो वरच्या गाण्यात किरकिरायला लागतो. यंत्राजवळ कोरड्या रबरी चपला घालूनच उभं राहायचं. सगळ्यात जास्त वेळ योगेंद्रनं अर्थिंगवर घालवला. इमारतीमागं खोल खड्डा खणून त्यात तांब्याची पट्टी पुरली, कोळसा आणि मिठाचे थर दिले आणि पाणी ओतायला एक पाइप वर काढून ठेवला. यंत्राच्या अंगावर कुठून भलता करंट आलाच, तर तो या वाटेनं मातीत गेला पाहिजे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा या पाइपात रोज पाणी पडलंच पाहिजे, आणि या अर्थिंगवर यंत्राखेरीज दुसरी कोणतीही वस्तू लावायची नाही, असं त्यानं बजावलं. जाताना तो आणखी एक गोष्ट सांगून गेला. कोणी म्हणालं की हाताला झिणझिण्या आल्या, तर आधी बंद करायचं आणि विचार मग करायचा. प्रेमदासनं मान डोलावली. त्या वेळी ती त्यानं मनापासून डोलावली होती.

आतल्या आवाजावर वाचायला प्रभाकररावांनी पंचफुलाला आणलं. ती जन्मापासून आंधळी. नागपूरच्या शाळेत ब्रेल शिकलेली, तिशी ओलांडलेली, आणि सिंदी मेघेत भाऊ बंडूजी यांच्या घरी राहणारी. बंडूजींचं किराणा दुकान होतं. ते मनानं वाईट नव्हते, पण घरात पंचफुलाची किंमत निवडलेल्या डाळीएवढीच होती. ती मात्र तिनं चोख कमावलेली होती, कारण तिच्या बोटांखालून खडा सुटत नसे. केंद्रात आल्यावर चित्र पालटलं. हिंगणघाटपासून फोन यायला लागले, की बाई गोड वाचतात. दुकानात येणारी गिऱ्हाइकं बंडूजींना विचारायची, रेडिओवाल्या ताई तुमच्याच ना? वहिनी तिला आधी वाढायला लागली. पंचफुलासाठी माइकच्या खोलीतली ती खुर्ची म्हणजे घरात मिळालेली जागा होती.

तिची वाचायची एक पद्धत होती. डावा हात ब्रेलच्या ठिपक्यांवरून चालायचा आणि उजव्या हाताची दोन बोटं माइकच्या जाळीवर टेकलेली असायची. डोळस माणसाला माइक किती लांब आहे ते दिसतं. तिला ते बोटांनी समजायचं. त्यामुळे तिचा आवाज कधी मागे-पुढे झाला नाही. त्याच खोलीत एक निवृत्त मास्तर पेपर वाचायला यायचे, पण ते दोन्ही हातांनी पेपर धरायचे. माइकला हात लावणारं माणूस म्हणून तिथं ती एकटीच होती.

दुसऱ्या वर्षाचा एप्रिल आला आणि त्यानं सगळ्यांना भाजून काढलं. भारनियमन असं, की दुपारची वीज म्हणजे चैनच. यंत्रं जनरेटरवर चालायची. प्रेमदासची केबिन यंत्राच्या खोलीला लागून होती. पत्र्याचं छप्पर, एक टेबल, एक खुर्ची, दारावर त्याच्या नावाची पाटी. एकदा कमलाबाई येऊन त्या खुर्चीत बसून गेली होती आणि पाटीवरून हात फिरवून गेली होती. त्या केबिनमध्ये प्रेमदासनं स्वतःच्या पैशानं कूलर आणून ठेवला. वर्ध्याच्या उन्हाळ्यात कूलर आणणं हा काही गुन्हा नाही. पण साध्या लाइनवर वीज नव्हती, म्हणून त्यानं कूलरची थ्री-पिन यंत्राच्या बोर्डात खुपसली. जनरेटरही तोच आणि अर्थिंगही तेच. थोडे दिवस चालवू, मग बघू, असं त्यानं स्वतःला सांगितलं. हे ‘मग बघू’ आपल्याकडे फार चालतं.

पाण्याचीही बोंब होती. आवारात टँकर यायचा आणि शिपाई चिंधू त्यातून अर्थिंगच्या पाइपासाठी बादल्या भरून आणायचा. प्यायला पाणी नाही आणि हा माणूस ते मातीत ओततो, म्हणून तो रोज पुटपुटायचा. प्रेमदासनं त्यातली अर्धी बादली कूलरमध्ये वळवली. मग एक बादली. मे उजाडेपर्यंत सगळंच पाणी कूलर प्यायला लागला आणि खड्ड्याभोवतीच्या मातीत बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या.

आणि पंचफुला एक दिवस वाचून बाहेर आली तेव्हा दारातच थांबून म्हणाली, "प्रेमदासभाऊ, माइक चावते."

माइकच्या खोलीच्या दाराशी प्रभाकररावांनी पाटी लावली होती, की चपला बाहेर काढाव्यात. धूळ आत जाऊ नये म्हणून, आणि थोडी देवळासारखी शिस्त म्हणूनही. पंचफुला अनवाणी आत जायची. उकाड्यामुळे चिंधू फरशी ओल्या फडक्यानं दोन-दोनदा पुसायचा. प्रेमदासला मात्र चपलांची सूट होती, ती योगेंद्रनंच दिलेली. तो रबरी चपलांनिशी आत गेला, हाताची मागची बाजू माइकला लावली, काही जाणवलं नाही, आणि बाहेर येऊन म्हणाला, नायलॉनची साडी आहे ताई, उन्हाळ्यात असं होतं. खिशात टेस्टर होता. तो त्यानं बाहेर काढला नाही. एखाद्या डोळस बाप्या माणसानं तक्रार केली असती तर काढला असता. हे त्याला नंतर कळलं आणि कळल्यावर ते त्याच्या मनातून गेलं नाही.

ती सुती साडी नेसून आली. पुन्हा म्हणाली, चावते. या वेळी चहा चालू होता, मास्तर होते, कॉलेजची पोरं होती, आणि प्रेमदासला विनोद सुचला. माइक चावते म्हणता, तर उद्यापासून त्याला थोडी दूध-भाकर घालत जा, म्हणजे ओळखीचा होईल. सगळे खळखळून हसले. पंचफुलाही हसली, कारण सगळे हसत असताना एकटं गप्प बसणं बरं दिसत नाही. ‘माइक चावते’ ही मग केंद्रातली म्हणच होऊन बसली. चहा गार आला तरी माइक चावते, जनरेटर बंद पडला तरी माइक चावते.

तिनं बोटं माइकवरून काढून घेतली. मग अंतर चुकायला लागलं. आवाज एकदा घशाशी आल्यासारखा मोठा, एकदा विहिरीतून आल्यासारखा. बोट टेकवून पाहायची, चटका बसायचा आणि वाक्य अर्ध्यावर तुटायचं. डब्या असलेल्या लोकांचे फोन आले, की ताईंना बरं नाही का? शेवटी एका संध्याकाळी गोष्ट वाचता वाचता तिच्या तोंडून ‘आई गं’ बाहेर पडलं आणि ते जिल्हाभर गेलं. प्रभाकररावांनी दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आणि प्रेमदासला आपल्या खोलीत बोलावलं.

त्या सकाळी प्रेमदास केंद्रात येत असताना त्याच्या चपलेचा अंगठा तुटला. चपला दाराशी टाकून तो अनवाणीच माइकच्या खोलीत गेला. चिंधूनं फरशी नुकतीच पुसलेली होती. माइकची दांडी तिरकी दिसली म्हणून ती सरळ करायला त्यानं हात घातला, आणि माइक त्याला चावला. थेट कोपरापर्यंत कळ गेली.

तो तिथंच उभा राहिला. काय झालं असेल याचा विचार करायला त्याला क्षणभरही लागला नाही. इतका तो चांगला कारागीर होता. कूलरचा भिजलेला पंप अंगावर करंट सोडत होता, तो यंत्राच्या अर्थिंगमध्ये उतरत होता, खड्डा कोरडा ठणठणीत असल्यामुळे त्याला मातीत जायला वाट नव्हती, म्हणून तो तारेतून उलटा माइकच्या जाळीपर्यंत येत होता. मायबापानं मागितलेली सावली त्यानं गार करून घेतली होती आणि तिचा चटका रोज एका आंधळ्या बाईच्या बोटांना बसत होता. पायातल्या रबरानं त्याला मात्र कधी काही कळू दिलं नव्हतं. नशीब थोर, म्हणून ती नुसती ओरडली. याच कूलरांनी दर उन्हाळ्यात माणसं मरतात हे त्याला माहीत होतं.

त्यानं कूलरची पिन उपटली. टाकीतलं पाणी बादलीनं काढून पाइपात ओतलं, चिंधूच्या माठातलंही ओतलं. परत येऊन अनवाणी पायांनी माइकवर सबंध पंजा ठेवला. काही नाही. टेस्टर लावला, दिवा लागला नाही. यंत्र पुन्हा सज्जन झालं होतं. मग चिंधू बोलवायला आला.

प्रभाकररावांच्या खोलीत पंचफुला आधीच बसलेली होती, हात मांडीवर घट्ट धरून. प्रभाकररावांनी सरळ विचारलं, "प्रेमदास, मशीनमध्ये काही दोष आहे का?"

खोलीपर्यंत येताना प्रेमदासच्या डोक्यात बरंच काही येऊन गेलं होतं. परवानगीशिवाय आणलेला कूलर. योगेंद्रचं बजावणं. केबिनच्या दारावरची आपल्या नावाची पाटी. यांच्या जातीच्या माणसांना खुर्ची दिली की असंच, हे वाक्य तिथं कोणी उच्चारलं नसतंही कदाचित, पण ते त्याला आधीच ऐकू येत होतं. ही भीती खोटी नव्हती. पण समोर बसलेल्या बाईनं ते वाक्य कधी म्हटलं नव्हतं आणि तिची बोटं भाजत होती.

"मशीनमंदी काही दोष नाई, सर," तो म्हणाला.

त्या घटकेला ते शब्दशः खरं होतं. दोष पंधरा मिनिटांपूर्वी होता. खोटं बोलायची ही सगळ्यात सोयीची रीत आहे आणि ती प्रेमदासला न शिकवता आली.

पंचफुलानं मान त्याच्या आवाजाकडे वळवली. तिनं वाद घातला असता, आदळआपट केली असती, तर त्याला पुढं सोपं गेलं असतं. तिनं तसं काही केलं नाही.

"भाऊ म्हणतात त नसन दोष," ती म्हणाली. "मंग माह्या मनाचंच असन. माफ करजा भाऊ, मी उगाच तुमच्या मशीनचं नाव घेतलं."

प्रभाकरराव भला माणूस. त्यांनी तिला काही महिने विश्रांती घ्यायला सांगितलं, मन शांत झालं की या म्हणाले. बाहेर पडताना तिनं दाराची चौकट चाचपली, ती बोटांनी नाही, हाताच्या मागच्या बाजूनं. चौकटीला हात लागला तेव्हाही ती दचकली. चौकट लाकडाची होती. प्रेमदासनं ते पाहिलं आणि त्याला वाटलं, की आत्ताच्या आत्ता मागून हाक मारावी. त्यानं हाक मारली नाही.

तिच्या जागी आचल नावाची कॉलेजची मुलगी आली. डोळस, चुणचुणीत, माइकपासून वीतभर अंतर राखून वाचणारी. प्रेमदासनं कूलर घरी नेला आणि घरीही लावला नाही. कांतानं काऊन, का नाही लावत, म्हणून विचारलं, तर पंप गेला म्हणाला. ती म्हणाली, दुसऱ्यांचे टॉवर उभे करता आणि घरचा पंप होत नाही? केंद्रात मात्र त्यानं योगेंद्रचे सगळे नियम डोळ्यांत तेल घालून पाळायला सुरुवात केली. खड्ड्याभोवतीची माती त्या वर्षी, पुढच्या वर्षी, कधीही कोरडी दिसली नाही. लोक म्हणायचे, माणूस असावा तर असा. ते ऐकताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बंडूजींच्या दुकानावरून जायला लागू नये म्हणून तो लांबच्या रस्त्यानं सायकल काढायचा.

असा बराच काळ गेला. मग एकदा हिंगणघाटचे एक म्हातारे अंध गृहस्थ नातवाचा हात धरून डबी दुरुस्त करायला आले. प्रेमदास डबी उघडत असताना त्यांनी सहज विचारलं, ती आधीची वाचणारी बाई, पंचफुलाबाई, तिच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणतात, खरं का? माइक चावते म्हणायची म्हणे. आणि नातू हसला. प्रेमदासनं चहावर केलेला विनोद हिंगणघाटपर्यंत जाऊन परत आला होता. त्याच्या हातातून स्क्रू खाली पडला आणि तो शोधण्याच्या निमित्तानं तो बराच वेळ टेबलाखाली वाकून राहिला.

त्याच संध्याकाळी तो बंडूजींच्या घरी गेला. बंडूजी दुकानात होते. पंचफुला मागच्या पडवीत नुसती बसलेली होती. समोर सूप नव्हतं, पुस्तक नव्हतं. वहिनी पाणी देता देता बोलून गेली, की आता यांना डाळ देत नाही, खडे राहतात. ब्रेलची पुस्तकंही शाळेला देऊन टाकली. म्हणतात, ठिपके आता खोटे लागतात. एवढं बोलून ती आत गेली.

प्रेमदास जमिनीवर बसला.

"ताई," तो म्हणाला, "तवा माइक चावतच होता."

मग त्यानं सगळं सांगितलं. कूलर, बादल्या, चपलेचा अंगठा, उपटलेली पिन. काही लपवलं नाही. पंचफुलानं मध्ये एकदाच तोंड उघडलं आणि विचारलं, की सरांनी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं का? तो हो म्हणाला. त्याला वाटलं, आता ही रडेल. ती रडली नाही. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या हातात घेऊन ती चोळत राहिली.

"म्हंजे हे खरं सांगत होते," ती बोटांबद्दल म्हणाली, "आनि मी त्याईलेच खोटं म्हणत राह्यली."

त्यानं तिच्या पायांना हात लावायला हात पुढं केला. तिला ते कसं कळलं कोण जाणे, तिनं पाय मागे घेतले. माझ्यापाशी सांगून काय उपयोग, माझ्या बोटांना ते ठाऊकच होतं, असं ती म्हणाली. आणि मग शांतपणे, "माइकवर सांगा."

सांगतो, असं प्रेमदास म्हणाला, आणि तिथून निघाला.

त्या दिवशी त्याला खरंच सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी प्रभाकरराव गावाला गेलेले होते. नंतर केंद्राचा वर्धापनदिन आला, त्या गडबडीत असं काही बोलणं शोभलं नसतं. मग पाऊस लागला, टॉवरवर वीज पडण्याची धास्ती. माणसाला टाळायचं असलं की निमित्तं आपण होऊन दारात येतात. अखेर बाजारात बंडूजींनीच त्याला गाठलं. या दोघांत काय घडलंय याची त्यांना काही कल्पना नव्हती. ते त्रासून म्हणाले, "काय सांगनार हा तुमी आमच्या पंचफुलाले? रोज सांजच्याले डबी कानाले लावून बसते. ते पोरगी वाचते, तिचं झालं की बंद करते. विचारलं त म्हंते, प्रेमदासभाऊ सांगनार हायेत."

ती रोज बसत होती. आचलचं वाचन, पेपर, बाजारभाव, तिच्याच खुर्चीतून येणारा दुसरीचा आवाज, हे सगळं ती रोज शेवटपर्यंत ऐकत होती, त्याच्या एका वाक्यासाठी.

दुसऱ्याच दिवशी आचल वाचून गेल्यावर त्यानं चपला बाहेर काढल्या, आत जाऊन खुर्चीत बसला आणि माइक चालू ठेवला. मी प्रेमदास थूल, इथं मशीन सांभाळतो, अशी त्यानं सुरुवात केली. पंचफुलाबाईंना माइक चावत होता तो खरोखर चावत होता. चूक मशीनची नव्हती, माझी होती. बाईंचं मन ठीक होतं, बोटंही ठीक होती, मी सरांसमोर खोटं बोललो. एवढं बोलून त्यानं बटण बंद केलं. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

त्याला एकदम हलकं वाटलं. घरी जाऊन त्यानं कांतालाही सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि जेवायला वाढलं, आणि तो पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशी डबीवाल्या लोकांचे दोन-तीन फोन त्याच्याच मोबाइलवर आले. एक बाई फोनवर रडली. हिंगणघाटचे म्हातारे म्हणाले, बरं केलं बाबा. केंद्रात मात्र सगळं जिथल्या तिथं होतं. चिंधूनं चहा आणला. मास्तर हसून बोलले. प्रभाकररावांनी टॉवरच्या रंगाबद्दल विचारलं. कोणाच्या वागण्यात तसूभरही फरक नव्हता, कारण कोणाला काही कळलंच नव्हतं. काल तो बोलत होता तेव्हा वरच्या आवाजावर गाणं लावलेलं होतं आणि केंद्रातले सगळे तेच ऐकत होते. गाणं त्यानंच लावलं होतं. कोणतं बटण दाबलं की कोणाला ऐकू जातं, हे जिल्ह्यात त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी पंचफुलानं मागितलेलं आपण दिलं, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

त्या संध्याकाळी तो मुद्दाम बंडूजींच्या दुकानावरून गेला. कितीतरी दिवसांनी त्या रस्त्यानं जाताना त्याची मान वर होती. बंडूजी गूळ तोलत होते. त्यांनी हातानंच थांबा म्हणून खूण केली आणि गिऱ्हाइकाच्या हातात पुडा दिल्यावर जवळ बोलावलं. ते म्हणाले, काल काय बोलले तुम्ही तिच्याशी देव जाणे, डबी तिच्या कानाला होती, आमच्या कानात थोडीच काही पडतं? पण आज सकाळी उठून तिनं आपणहून डाळ मागितली. आणि तुमच्यासाठी एक निरोप देऊन ठेवलाय, जसाच्या तसा सांगायचा म्हणाली.

"ते म्हंते, आतल्या आवाजावर ऐकलं म्हणा. पन तितले लोक मले हासले नव्हते. हासले ते वरच्या आवाजावरचे. आता वर सांगा."

निरोपाचा अर्थ बंडूजींना लागलेला नव्हता, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांच्या मागं फळीवर दुकानाचा रेडिओ चालू होता, त्यावर केंद्राचंच गाणं लागलं होतं, आणि वहिनी दारात उभी राहून ते ऐकत होती.

"काय सांगू तिले?" बंडूजींनी विचारलं.

सांगतो म्हणा, हे दोन शब्द प्रेमदासच्या जिभेवर आले होते. पण त्यातला ‘सांगतो’ त्यानं तिच्यापाशी एकदा वापरला होता. दारावरची पाटी त्याच्या डोळ्यांसमोर आली, मास्तर आले, चिंधू आला, पाटीवरून फिरणारा आईचा हात आला. तो सायकलचं हँडल धरून उभा राहिला. बंडूजींनी थोडी वाट पाहिली. दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं होतं.

"मंग, काही बोलले नाई म्हणून सांगतो," ते म्हणाले आणि तागडीकडे वळले.